सॉफ्टवेअरला कसले पैसे?

भोसरीत गाळा घेतलात? अभिनंदन! आता बजेट मांडायला बसा. डिपॉझिट, थ्री-फेज कनेक्शन, सेकंडहँड व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन), कॉम्प्रेसर, दारावरचा बोर्ड, उद्घाटनाचे पेढे. पेढे चितळ्यांचेच घ्या, तिथे केलेली काटकसर लोकांना दिसते. डिझाइन सॉफ्टवेअरसाठी मात्र वहीत ओळसुद्धा सोडू नका. जी वस्तू काट्यावर ठेवून तोलता येत नाही, तिचे पैसे मोजायची आपल्याकडे पद्धत नाही.

सॉफ्टवेअर भाच्याकडे मिळतं, क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप फोडलेलं. प्रत्येक कारखानदाराला देवाने असा एक भाचा दिलेला असतो. त्याच्या पेन ड्राइव्हसोबत सूचनांची एक टेक्स्ट फाइल येते, ती श्रद्धेने वाचा : आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इंटरनेटची वायर काढा. चोर यायच्या आधी आपणच कुत्रा बांधून दिवे मालवायचे, इतकं ते सोपं आहे. मीही दोन वर्षं असाच सुखात होतो. मग एका सोमवारी सगळ्या ड्रॉइंगच्या नावांना अनोळखी शेपटं फुटली आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी आली. बॅकअप होता ना! त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. भाचा म्हणाला, "मामा, फॉरमॅट मारून देतो, त्याचे पैसे नकोत."

कायद्याचं मनावर घेऊ नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63ब आहे खरं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पण वापर फायद्यासाठी किंवा धंद्यात केलेला नसेल, तर कोर्ट कैद टाळू शकतं. तेव्हा बेधडक सांगा, "साहेब, यात फायदा कुठे होतोय?" पहिल्या तीन वर्षांचे ताळेबंद पुरावा म्हणून जोडा.

अगदीच पापभीरू असाल तर फुकटातली सोय बघा. फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरची घरगुती आवृत्ती आहे. ती धंद्यासाठी नाही आणि तिच्यात एका वेळी 10 च डॉक्युमेंट्स एडिट होतात, पण अटी वाचतो कोण? ऑनशेप या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फुकट खात्यात तुमचं मॉडेल जगाला उघडं राहतं. चाकणच्या ग्राहकाने गोपनीयतेच्या करारावर सही घेतली असेल, तर हाच पर्याय उत्तम. फ्रीकॅडच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. ते धंद्यासाठीही खरोखरच मोफत आहे आणि 2024 च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आवृत्तीही आली. पण त्यात क्रॅक करायला काही उरतच नाही. भाच्याचा मान कसा राखणार?

की विकतच घ्यायचं म्हणता? मग मार्चअखेरीस घ्या, सेल्सवाल्याचा आवाज तेव्हा सर्वांत गोड असतो. खिडक्यांच्या जाळ्या करत असाल तरी हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन घेऊन टाका. फ्यूजनवाल्या ऑटोडेस्क कंपनीने 2016 पासून नवी कायमची लायसन्सं विकणं बंद केलं, आता सगळं भाड्याने. पुणेकराला भाडं भरायचं म्हणजे काय वाटतं ते काय सांगू! काही सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानेही मिळतात, काम असेल तेवढेच महिने घेता येतात, हे डोक्यातून काढून टाका. बिलावरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, हे सीएने सांगितलं तर विषय बदला.

आणि मुख्य म्हणजे कोटेशनमध्ये डिझाइनचे पैसे कधीही लावू नका. मटेरियल किलोवर, मशीनिंग तासावर आणि ड्रॉइंग 'आपल्या प्रेमाखातर'. तीन रात्री जागून फिक्स्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याचं) ड्रॉइंग काढा, पाच रिव्हिजन करा, पीडीएफ पाठवा. ग्राहक ती घेऊन शेजारच्या गाळ्यात जाईल आणि बाराशे रुपये स्वस्तात काम करून घेईल. शेजाऱ्याला परवडतं, कारण त्याला डिझाइन सॉफ्टवेअर लागतच नाही, त्याची ड्रॉइंग तुम्ही काढता. मग ज्याचे पैसे आपण कुणाकडून घेत नाही, त्याच्यावर खर्च तरी का करायचा, नाही का?

खंडेनवमीला मात्र कॉम्प्युटर विसरू नका. व्हीएमसीला वाहाल तसंच हळदकुंकू मॉनिटरलाही वाहा. झेंडूचा हार जरा मोठाच घ्या, म्हणजे लायसन्सबद्दल सारखी डोकं वर काढणारी ती खिडकी त्याच्याखाली झाकली जाईल.