स्वतःला झोडल्याशिवाय माणूस घडत नाही म्हणे!

बारावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात तीन दावे असतात. परफेक्ट जमत नसेल तर करूच नका. स्वतःला माफ करणारा आळशी होतो. आणि स्वतःशी कठोर वागल्याशिवाय काम उत्तम होत नाही. सोबत खाशाबा जाधवांचा फोटो.

पहिला दावा त्या फोटोनंच निकालात निघतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. ‘परफेक्ट नाही तर नकोच’ हा नियम लावला असता तर कुस्ती तिथंच संपली असती. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं, ते लंडननंतर पुन्हा मातीत उतरल्यामुळं.

दुसरा दावा जास्त खोलवर रुजलेला आहे, कारण आपण त्यावरच वाढलोय. पण तो तपासला गेलाय. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. २०१२ च्या एका अमेरिकन प्रयोगात, अवघड चाचणीनंतर ज्यांना ‘असं अनेकांचं होतं, स्वतःवर फार चिडू नका’ असं सांगितलं, ते विद्यार्थी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास करत बसले. यात नवल नाही. गणिताचं पुस्तक उघडलं की ‘मी ढ आहे’ एवढंच ऐकू येत असेल, तर पोरगं पुस्तक उघडायचंच टाळतं. त्याला आपण आळस म्हणतो.

आणि माफ करणं म्हणजे लाड नव्हेत. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःवरच्या करुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं बोलणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे लक्षात ठेवणं, आणि दुःख आहे तेवढंच बघणं, ना दाबणं ना फुगवणं. चूक झाकायची सोय यात कुठंच नाही.

राहिला तिसरा दावा. मग काम गबाळं करायचं? मिरजेत तंबोऱ्याची जवारी करताना बघा. सूर खुलेपर्यंत कारागीर, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासत राहतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. वाजवून वाजवून घोडी झिजते, तेव्हा जवारी परत करावी लागते. चोखंदळपणा असाच असतो, त्याला स्वतःला शिव्या घालायची गरज पडत नाही.

मेसेज पाठवणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ ची माहिती दोन संशोधकांनी एकत्र केली. ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणाच मागतात’ ही भावना त्या काळात ३३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडे तिकडचे असतील, पण इकडं तोच मेसेज मुलाला पाठवणारे बाबा रात्री जेवताना त्यालाच विचारतात, “एवढं टेन्शन कशाचं घेतोस रे?”