नावं चुकली, पण कपडे बरोबर आहेत

‘हिटमॅन २’ हा गेम १३ नोव्हेंबर २०१८ रोजी आला. त्यातली एक अख्खी मोहीम मुंबईत घडते आणि तिच्यावरून मराठी खेळाडूंमध्ये दोन तट पडलेले आहेत. एका तटाचं म्हणणं, पुन्हा झोपडपट्टी, पुन्हा गुंड, पुन्हा बॉलिवूड. बाहेरच्यांना मुंबईत दुसरं काही दिसतच नाही का? दुसऱ्याचं म्हणणं, न्यूझीलंड, मायामी, कोलंबियाच्या रांगेत आपलं शहर बसलं, आणखी काय हवं? हा गेम बनवणारी आयओ इंटरॅक्टिव्ह कंपनी कोपनहेगनची. त्याच शहरात राहून हे वाद वाचताना वाटतं की मुंबईच्या त्या नकाशात सगळ्यात खरं जे आहे, त्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष गेलेलं नाही.

गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. एजंट ४७ हा भाडोत्री मारेकरी. त्याच्याकडे पिस्तूल असतं, पण त्याचं खरं हत्यार म्हणजे दुसऱ्याचे कपडे. एखाद्याला आडोशाला बेशुद्ध करायचं, त्याचा वेश चढवायचा आणि जिथे जायला आपल्याला मज्जाव होता तिथे सरळ चालत जायचं. आपल्याकडे याला बहुरूपी हा नेमका शब्द आहे. प्रत्येक वेशाला ठरावीक दारं उघडतात. वेश ओळखू शकतील अशा माणसांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, आणि ही माणसं बहुतेक वेळा त्याच खात्यातली किंवा त्या खात्यावर देखरेख करणारी असतात. धोबीघाटासारख्या भागात कामगाराचे कपडे घालून फिरलात तर रस्त्यावरचा माणूस ढुंकूनही पाहणार नाही, पण मुकादम थांबून बघेल. त्याला आपली माणसं तोंडपाठ असतात. नवखा खेळाडू इथेच फसतो. कपडे बदलले म्हणजे झालं असं समजून तो नेमका मुकादमासमोरून जातो. त्याच्याकडे पाठ करून अंतर ठेवावं, किंवा त्या वेशाला शोभेल असं एखादं काम हाती घ्यावं. काम करत असताना ठिपकेवाल्यालाही संशय येत नाही.

आता मुंबई. इथे तीन लक्ष्यं आहेत. दाऊद रंगन, वान्या शाह आणि ‘मेलस्ट्रॉम’ या टोपणनावाचा वझीर काळे. वान्या शाह हे नाव कानाला खटकत नाही. बाकी दोन मात्र कुणीतरी यादीतून उचलून जोडल्यासारखी वाटतात. काळे आडनावाच्या घरात वझीर नाव ठेवत नाहीत. दाऊदपुढे दाक्षिणात्य वळणाचा रंगन आला की तो माणूस कुठला, कुठल्या वस्तीतला, घरात काय बोलत असेल, काहीच उभं राहत नाही. मुंबईत नाव ऐकताक्षणी माणसाचा निम्मा पत्ता कळतो, आणि या शहराची ती सवय लेखकांच्या लक्षात आलेली नाही. पात्रं सगळा वेळ इंग्रजीत बोलतात. मालिकेतली सगळीच शहरं इंग्रजी बोलतात, त्यामुळे हा फक्त मुंबईवरचा अन्याय नाही. तरी एक मराठी माणूस जवळ बसवून तासभर नावांची यादी वाचून घेतली असती, तर ही चूक टळली असती. ही तक्रार रास्त आहे आणि ती जोरात करायला हवी.

पण नावांच्या पलीकडे जाऊन बघा की या तिघांपर्यंत पोचायचं कसं. वान्या शाहच्या खासगी जागेत शिंपी बनून जाता येतं. मेलस्ट्रॉमची दाढी करायला न्हावी बनून उभं राहता येतं. रंगनचं चित्र काढायला चित्रकार बनून त्याच्या टॉवरवर चढता येतं. बंदूकधारी पहारे ओलांडून मालकाच्या अंगाला हात लावण्याइतकं जवळ कोण जातं? मोजमाप घेणारा, वस्तरा फिरवणारा, ज्याचं तोंड कुणी नीट बघतच नाही असा माणूस. मुंबई अशीच चालते. घरकामाला येणाऱ्या बाईसाठी वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या सोसायट्यांवरून आपल्याकडे वाद होतात. त्याच सोसायटीत त्याच बाईकडे घराची किल्ली असते. कपड्यांवरून माणसाला अडवायचं आणि कपड्यांवरूनच आत सोडायचं, हा वॉचमनचा रोजचा धंदा. गेमने तो नियम जसाच्या तसा उचलला आहे. झोपडपट्टी दाखवली म्हणून चिडणाऱ्यांनी हे पाहायला हवं, कारण अवघड प्रश्न इथे आहे.

डेन्मार्कमध्ये राहिल्यावर हे अधिक ठळक दिसतं. इथे ‘तुम्ही’सारखं आदरार्थी सर्वनाम रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलं आहे. साहेबाला पहिल्या नावाने हाक मारतात. म्हणजे इथे दर्जा नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कुठली नोकरी कुणाला मिळते, कुणाचं आडनाव परकं वाटतं, हे सगळं आहे. पण ते कपड्यांवर लिहिलेलं नाही. त्यामुळे असल्या ठिकाणी ४७चं बहुरूपीपण अर्धं निकामी होईल. याच गेममधली व्हर्मांटची व्हिटल्टन क्रीक ही मोहीम पाहा. साधी अमेरिकन वस्ती, सार्वजनिक रस्ता, बाजूला घरं. तिथे अडथळा कुंपणाचा, मालकीचा आहे. मुंबईत अडथळा दर्जाचा आहे. दोन नकाशे, दोन समाज, आणि फरक बरोबर टिपलेला.

महाराष्ट्राला तर हे नवीन असायला नको. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा त्यांचा वेश घेऊन पालखीत बसला तो शिवा काशीद, नाभिक समाजातला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीतला जिवा महालाही त्याच समाजातला. वेशांतर आणि जवळीक यांची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो आहोत. त्यावर रचलेला चोरपावलांचा गेम आपल्याकडून यायला हवा होता. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम बाहेर काढला. म्हणजे हात आहेत, कसब आहे.

या दुसऱ्या भागाबद्दलच्या इतर तक्रारींकडे येऊ. नवीन गेमच्या नावाखाली पहिल्याचाच दुसरा हंगाम विकला, हे अर्धं खरं. सांगाडा २०१६च्या ‘हिटमॅन’चाच आहे आणि कथेचे प्रसंग स्थिर चित्रांवर भागवले आहेत, ते उणं वाटतंच. पण खेळात भर आहे. ब्रीफकेस परत आली, त्यामुळे लांब पल्ल्याची बंदूक पाठीवर मिरवावी लागत नाही. आरशातून आपण इतरांना दिसतो. दाट गर्दीत आणि झुडपांत लपता येतं. कुठे प्रेत सापडलं तर पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडून ते दाखवते. यातली गर्दीची सोय मुंबईच्या गल्ल्यांत जितकी कामी येते तितकी क्वचितच दुसरीकडे.

इंटरनेटची सक्ती ही मात्र सगळ्यात खरी तक्रार, आणि ती कोपनहेगनमध्ये बसून कळत नाही. इथे जोडणी तुटतच नाही, तर बनवणाऱ्यांना ती कशी जाणवणार? ऑनलाइन केलेलं सेव्ह ऑफलाइन उघडत नाही. ऑफलाइन खेळलात तर आव्हानं आणि ठिकाणावरची पातळी, जी २०पर्यंत जाते, मोजली जात नाही. मिळवलेली साधनंही हाताशी नसतात. वीज किंवा नेट बेभरवशाचं असलेल्या गावात तासभर जमवलेला डाव असा जातो. नेट डळमळीत असेल तर नकाशा पाठ करण्याचे डाव सुरुवातीपासून ऑफलाइनच खेळा, आणि पातळी मोजायची त्या दिवशीच ऑनलाइन जा.

मुंबई नीट चाखायची तर सेटिंगमध्ये जाऊन मिशन स्टोरीचं मार्गदर्शन बंद करा. ते चालू असेल तर पडद्यावरचे बाण हाताला धरून नेतात आणि नकाशा बघायचा राहून जातो. पहिल्या डावात कुणाला हात लावू नका, नुसते फिरा. मेलस्ट्रॉमचा चेहरा सुरुवातीला दिलेला नसतो. कानावर पडणाऱ्या बोलण्यातून खुणा जमवून तो गर्दीत ओळखावा लागतो आणि या मोहिमेतला सगळ्यात सुंदर भाग तोच. या लक्ष्यांच्या मागे काश्मीरियन नावाचा दुसरा मारेकरीही आहे. त्याच्याकडूनही काम करून घेता येतं. ‘सायलेंट असॅसिन’ दर्जा हवा असेल तर लक्ष्यांखेरीज कुणाला मारायचं नाही, कुणाच्या नजरेत यायचं नाही, बेशुद्ध माणूसही सापडता कामा नये. पेटीत किंवा कपाटात दोन शरीरं मावतात, तिसऱ्यासाठी दुसरी जागा आधीच हेरून ठेवा. अपघाताने मेलेला सापडला तर दर्जा जात नाही. कॅमेऱ्यात आलात तर बाहेर पडण्यापूर्वी रेकॉर्डरपर्यंत जाऊन चित्रण नष्ट करा. ‘मास्टर’ या सगळ्यात अवघड प्रकारात अख्ख्या मोहिमेत एकच सेव्ह मिळतं. ते पहिल्या लक्ष्यावर उधळू नका, वान्या शाहच्या रेल्वे यार्डात शिरण्याआधी, शिंप्याचे कपडे अंगावर असताना वापरा.