‘संविधान जाळीन’ म्हणाले, पण त्याच्या आधी आणि नंतर काय म्हणाले?

चौदा एप्रिल आणि सव्वीस नोव्हेंबर जवळ आले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. आजवर मी तो वाचून सोडून देत होते. या वेळी तो घरच्याच ग्रुपवर आला आणि माझ्या अकरावीतल्या भाचीने फोन करून विचारलं, “आत्या, बाबासाहेबांना स्वतःलाच संविधान नको होतं, हे खरं का गं?” ज्या पोरीने वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका वाचली, तिला हा प्रश्न पडावा याचा मला राग आला. तिच्यावर नाही, न वाचता पुढे ढकलणाऱ्यांवर.

मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं. डॉ. आंबेडकरांनी राज्यसभेत ‘हे संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन’ असं सांगितलं, म्हणजे त्यांनी ते नाकारलं. ‘मी फक्त सांगकाम्या होतो’ असंही ते म्हणाले, म्हणजे संविधान त्यांनी लिहिलंच नाही. निवडणूक हरल्यावर ते मागच्या दाराने राज्यसभेत गेले आणि तिथे त्यांनी काही केलं नाही. भाषावार राज्यांना, म्हणजे महाराष्ट्रालाही त्यांचा विरोध होता. आणि शेवटी निष्कर्ष: ज्याने लिहिलं त्यालाच नको होतं, तर त्यातली विशेष संरक्षणं आणि आरक्षण तरी कशाला ठेवायचं?

आधी जाळण्याचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. ते वाक्य खरं आहे. आपल्यातलेच काही जण घाईने ‘हे बनावट आहे, बाबासाहेब असं बोललेच नाहीत’ असं उत्तर देतात. तसं करू नका. ते बोलले, आणि ते नोंदलेलं आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचे जे इंग्रजी खंड काढले, त्यातल्या पंधराव्या खंडात त्यांची स्वातंत्र्यानंतरची संसदेतली भाषणं आहेत. मी पुढे जे सांगते आहे, ते बहुतेक तिथलंच आहे.

तारीख २ सप्टेंबर १९५३. (सभागृहाला तेव्हा राज्यसभा हे नाव मिळालेलंही नव्हतं, ते पुढल्या वर्षी मिळालं.) चर्चा चालू होती आंध्र राज्य विधेयकावर. पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात मृत्यू झाला होता, तेलुगू भाषकांचं वेगळं राज्य द्यायचं ठरलं होतं आणि १ ऑक्टोबरला ते अस्तित्वात येणार होतं. गृहमंत्री होते कैलासनाथ काटजू. सगळं लक्ष सीमा, राजधानी, मद्रास यांच्याकडे असताना आंबेडकरांनी भलताच मुद्दा काढला: एका भाषेचं राज्य झालं की त्या राज्यातले संख्येने आणि जमीनजुमल्याने मोठे असलेले समाज सत्तेवर बसणार, मग तिथल्या लहान समाजांनी, दलितांनी दाद कुणाकडे मागायची? त्यासाठी राज्यपालाकडे काही खास अधिकार असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण राज्यपालाला निव्वळ रबरी शिक्का करून ठेवलंय, मंत्री कितीही नालायक असला तरी त्याने पुढे सरकवलेल्या प्रस्तावाला राज्यपालाने मान डोलवायची, ही आपल्याकडची लोकशाहीची कल्पना, असं ते संतापून बोलले. समोरून कुणीतरी टोकलं, याचं समर्थन तर तुम्हीच केलं होतंत. मग टोलवाटोलवी वाढत गेली, ‘सांगकाम्या’ हा उल्लेख त्यातच आला, आणि पुढे ते प्रसिद्ध वाक्य.

आता त्या वाक्याच्या अगदी लगत आधी काय आहे ते बघा. ते ब्रिटिश संसदेबद्दल बोलत होते. बहुसंख्य लोक आपल्यावर अन्याय करतील अशी भीती ज्यांना वाटते, त्या लहान समाजांच्या भावना सांभाळूनच तिथला कारभार चालतो, असा त्याचा आशय. त्यानंतर: माझे मित्र म्हणतात की संविधान मी केलं, पण ते जाळायला सगळ्यांत आधी मी तयार आहे, मला ते नको, ते कुणाच्याच कामाचं नाही. आणि लगेच पुढे: ते काहीही असो, आपल्या लोकांना हे चालवायचं असेल तर बहुसंख्याक असतात तसे अल्पसंख्याकही असतात हे त्यांनी विसरता कामा नये, ‘तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धोका’ असं म्हणून अल्पसंख्याकांना बाजूला सारता येणार नाही, सगळ्यांत मोठं नुकसान होईल ते अल्पसंख्याकांना दुखावल्याने.

म्हणजे आधी दुर्बळांच्या रक्षणाची बात, नंतरही तीच, आणि मध्ये संतापाचं एक वाक्य. मजकूर करणाऱ्याने मधलं तेवढं उचललं. उचलून त्याचा उपयोग कशासाठी केला? तर दुर्बळांची संरक्षणं काढा, हे सांगण्यासाठी! ज्या मागणीसाठी माणूस सभागृहात एकटा भांडतो आहे, त्याच मागणीच्या विरोधात त्याच्याच तोंडचं वाक्य साक्षीला उभं करायचं. याला मी गैरसमज म्हणणार नाही. ते पान ज्याच्या डोळ्यांसमोर होतं, त्याला पुढची ओळ दिसली नाही असं होऊच शकत नाही.

बरं, विषय तिथे संपला नाही. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीवर चर्चा होती तेव्हा सदस्य डॉ. अनुप सिंग यांनी त्यांना त्या वाक्याची आठवण करून दिली. आंबेडकर म्हणाले, कारण ऐकायचंय का? आणि सांगितलं: आम्ही देवासाठी देऊळ बांधलं, पण देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरं काय करणार? असुरांनी राहावं म्हणून आम्ही ते बांधलं नव्हतं, देवांनी राहावं म्हणून बांधलं होतं. बी. के. पी. सिन्हा म्हणाले, मग देऊळ कशाला पाडता, सैतानाला मारा. त्यावर त्यांचं उत्तर होतं की ते जमणार नाही, तेवढी ताकद आपल्यात नाही. आणि दाखला त्यांनी शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाचा दिला, देव नेहमी असुरांकडून हरत आलेत म्हणून.

इथे एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. ‘रागात बोलून गेलो’ असंही म्हणाले नाहीत. संविधानाच्या भवितव्याबद्दल ते खरोखरच निराश झाले होते आणि ती निराशा लपवून त्यांची पूजा करणाऱ्यांचंही मला पटत नाही. पण निराशा कुणाबद्दल होती? देवळात शिरलेल्यांबद्दल. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी हेच आधी बजावून ठेवलं होतं, की संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल. पावणेचार वर्षांनी ते राज्यसभेत बोलले ते याच सुरात.

‘सांगकाम्या’बद्दल. अर्धसत्य आहे, मान्य. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिला संविधान सभेचे निर्णय पाळावे लागत होते आणि काँग्रेस पक्षात आधीच ठरलेल्या गोष्टी तिथे येत होत्या. मालमत्तेच्या हक्काचं कलम ३१ तर त्यांना इतकं नकोसं होतं की १९५५ च्या त्याच भाषणात ते म्हणाले, त्याची जबाबदारी मसुदा समितीवर नाही, नेहरू, पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांच्यातली ती तडजोड होती, त्या कुरूप कलमाकडे मला बघवतही नाही. पण म्हणून ‘लिहिलंच नाही’? टी. टी. कृष्णम्माचारी मसुदा समितीचेच सदस्य. त्यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभेत सांगितलं की सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब, आणि शेवटी मसुद्याचा सगळा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. स्वतः आंबेडकरांनी संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे प्रमुख अधिकारी एस. एन. मुखर्जी यांना जाहीरपणे श्रेय दिलं होतं. श्रेय वाटून देणाऱ्या माणसाचं श्रेयच काढून घ्यायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

‘मागचा दरवाजा’ वगैरेवर फार वेळ घालवत नाही. १९५२ ला मुंबईत ते लोकसभा हरले, १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले, हे कुणी लपवलेलं नाही. राज्यसभेत ते मुंबई राज्यातून आमदारांच्या मतांनी रीतसर निवडून गेले, आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं तेव्हाही ते सदस्य होते. ‘तिथे काही केलं नाही’ म्हणणाऱ्यांनी २६ ऑगस्ट १९५४ चं परराष्ट्र धोरणावरचं भाषण वाचावं. चीनबरोबरच्या पंचशील कराराचं कौतुक चाललेलं असताना तिबेट आणि चीनबद्दल त्यांनी काय इशारा दिला होता, ते कळेल.

त्याच वर्षी सप्टेंबरात अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक आलं. त्यांनी नावापासूनच हरकत घेतली. या नावामुळे वाटतं की धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू विकले नाहीत, असल्या किरकोळ बाबींचा हा कायदा आहे. प्रश्न नागरी हक्कांचा आहे, तर नावात नागरी हक्कांचं संरक्षण असं म्हणा. तेव्हा ऐकलं गेलं नाही. १९७६ ला दुरुस्ती करून संसदेने त्या कायद्याचं नाव ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ केलं. आंबेडकर जाऊन तोवर वीस वर्षं झाली होती.

राहिला महाराष्ट्र. १९४८ ला भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची बाजू मांडणारं निवेदन दिलं. १९५५ पर्यंत त्यांचं मत बदललं: एका राज्याची भाषा एकच असावी, पण एका भाषेचं राज्य एकच असावं असं नाही. त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, मुंबई त्यात वेगळी. हे मला स्वतःला पटत नाही आणि तेव्हाही अनेकांना पटलं नव्हतं. पण तेही मराठी माणसाच्या विरोधात नव्हतं. मोठ्या राज्यात मागास भाग आणि लहान समाज चिरडले जाऊ नयेत, ही आंध्र विधेयकावर बोलतानाचीच काळजी त्यामागे होती. आणि १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली तेव्हा त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिचा घटक पक्ष होता.