लेडबरीच्या पोस्टकार्डाबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची लेक इंग्लंडमध्ये हेरफर्डला असते म्हणून जवळच्या लेडबरी गावातल्या मार्केट हाउसचं जुनं पोस्टकार्ड तुम्ही आमच्याकडून 850 रुपयांना घेतलंत. आता दोन तारे देऊन लिहिलंत, की कार्ड अलीकडे छापलेलं आहे, मागे जर्मनीचं नाव आहे, रंग खोटे आहेत, कोणीतरी पत्र खरडलंय आणि कोपरा दुमडलेला आहे.

आधी कोपऱ्याचं. ती चूक माझी. फोटो प्लास्टिकच्या पाकिटातूनच काढला, चकाकीत घडी दिसली नाही आणि मी ‘उत्तम स्थिती’ असं लिहून मोकळा झालो. 250 रुपये आज परत केले आहेत. कार्डच नको असेल तर पूर्ण पैसे मिळतील, कुरिअरचा खर्चही आमचा.

पण कार्ड नकली आहे हे मी मान्य करणार नाही. मागे ‘प्रिंटेड इन सॅक्सनी’ आहे (सॅक्सनी हा जर्मनीचाच एक भाग), ते बरोबरच आहे. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमधली रंगीत कार्डं मोठ्या संख्येनं जर्मनीत छापून यायची. रंगीत छपाईत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. 1914 साली युद्ध पेटलं आणि ती आवक थांबली. तिकीट पाहा: तेव्हाचा ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड याचं, हिरवं, अर्ध्या पेनीचं, वर 1906 चा शिक्का. कार्डाला तेव्हा अर्धी पेनीच लागे, एक पेनी झाली 1918 मध्ये. आणि मागे मधोमध जी उभी रेघ आहे ना, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता, ती मुभा ब्रिटनमध्ये 1902 साली मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा.

लेकीनं पाठवलेल्या फोटोत खांब काळेभोर आणि कार्डावर तपकिरी, हे खरं. मूळ फोटो कृष्णधवल, रंग छापखान्यात चढवलेले. रंग भरणाऱ्यानं लेडबरी पाहिलेलं असेलच असं नाही. भिंग घेऊन छपराकडे बघा, तांबडा रंग एका जागी कडेबाहेर गेलाय. मला तर ही खूण फार आवडते.

इमारत मात्र तीच. 1617 मध्ये बांधायला घेतलेली, वर धान्य साठवायची जागा आणि खाली 16 लाकडी खांबांमध्ये मोकळा बाजार. लेकीला तिथे उभं राहून कार्ड समोर धरायला सांगा.

पत्राबद्दल एवढंच म्हणेन, की विक्रीच्या पानावर ‘टपालातून गेलेलं’ असं मी स्पष्ट लिहिलं होतं. ‘गाडी चुकली, शनिवारी येते’ एवढाच तो मजकूर आहे, आणि त्या ओळीसाठीच मी हे कार्ड विकत घेतलं होतं.

परत पाठवायचं ठरवलंत तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून पाठवा. त्या कोपऱ्याला आणखी घडी पडायला नको.