88व्या मिनिटाला उठावं

परगावी फुटबॉलची मॅच बघायला जायचं तुमच्या मनात असेल, तर सर्वांत आधी संघ नीट निवडा. जवळचा अजिबात निवडू नका, त्यात काही मजा नाही.

आता आमचंच बघा. आम्ही कुडाळचे. इथून मडगावचं फातोर्डा मैदान शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि अंधेरीचं मैदान पाचशेच्या आतबाहेर. इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या मैदानावर एफसी गोवा खेळतो, दुसऱ्यावर मुंबई सिटी. कुठलाही शहाणा माणूस एफसी गोवाचा नारिंगी शर्ट घेईल आणि सुखात राहील. मी मुंबई सिटीचा आकाशी घेतला. आमच्या घरी मुंबईहून चार पिढ्या मनीऑर्डरी आल्या, म्हटलं आता थोडे पैसे उलट दिशेने जाऊ देत. तेव्हापासून आमची घरची मॅच पाचशे किलोमीटरवर आणि परकी मॅच मडगावच्या मावशीच्या दारात. माहेर लांब आणि सासर शेजारी असलेल्या सुनेचं काय होतं, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

मुंबईच्या पाठीराख्यांच्या मंडळाचं नावच वेस्ट कोस्ट ब्रिगेड आहे. पश्चिम किनारा म्हटलं की मधला सगळा कोकण त्यात आलाच असं मी धरून चालतो. अजून कोणी हरकत घेतलेली नाही. कोणी विचारलंही नाही.

घरच्या मॅचला जायचं असेल तर मुंबई-गोवा हायवेनेच जा. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं. निघताना मॅच किती वाजता आहे ते पाहू नका, कुठल्या तारखेला आहे तेवढं पाहा. माणगावात गाडी उभी राहिली की घाबरायचं नाही. उतरा, चहा घ्या, वडापाव खा, पाय मोकळे करा आणि परत या. गाडी जिथे सोडली होती तिथेच असेल. सोबत एक तरी असा भिडू घ्या, ज्याला गाडी लागते. तो नसेल तर घाट चढल्याचं कळतच नाही.

रेल्वे हवी असेल तर तीही आहे. मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत आपली गाडी क्रॉसिंगला उभी राहते. कोकणातल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. तो दारात उतरून विडी पेटवतो, ‘काय, राजधानी गेली काय?’ असं अनोळखी माणसाला विचारतो आणि दहा मिनिटांत दोघांचं नातं निघतं. पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर आणखी बरं, तेव्हा गाडी मुद्दामच सावकाश चालवतात. मोसमाचे पहिले सामने बऱ्याचदा तेव्हाच असतात.

इंग्लंडातल्या चाहत्यांचं ऐकून मात्र बिघडू नका. तिथे प्रीमियर लीगमध्ये 2016-17 पासून पाहुण्या चाहत्याकडून तिकिटाचे 30 पौंडांवर घेत नाहीत, बसायला वेगळा स्टँड असतो, आणि तरी ती माणसं कुरकुरतात. त्यांचं खरं दुःख एकदाच झालं असं मी मानतो. 2019 सालच्या युरोपा लीग फायनलला आर्सेनल आणि चेल्सी आमनेसामने आले. दोन्ही संघ लंडनचे आणि मॅच अझरबैजानच्या बाकूत, चार हजार किलोमीटर लांब. प्रत्येक क्लबाला तिकिटं मिळाली सहा-सहा हजार, तीही सगळी खपली नाहीत. म्हणजे कुडाळ आणि मालवणचे संघ खेळायला गुवाहाटीला नेण्यासारखं. (गुवाहाटीचं नाव सहज आलं.)

तिकीट काढताना पोस्टर पाहून काढा. 2023 साली आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. अल हिलाल म्हणजे नेमार! आमच्या आळीतल्या तिघांनी त्याच दिवशी रजेचे अर्ज टाकले. ऑक्टोबरात उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला. नोव्हेंबरात नवी मुंबईला नेमारशिवायची अल हिलाल आली आणि दोन गोल मारून गेली. माणूस यातून काही शिकतो म्हणता? 2025 साली आशियाई चॅम्पियन्स लीग टूमध्ये एफसी गोवाच्या गटात सौदीचाच अल नस्र आला. अल नस्र म्हणजे रोनाल्डो! पुन्हा तेच तिघे, पुन्हा तेच अर्ज, फक्त या वेळी कारण ‘मावशी आजारी’ असं. 22 ऑक्टोबरला अल नस्र फातोर्ड्यावर खेळला, 2-1 ने जिंकला आणि रोनाल्डो आलाच नाही. मावशी मात्र ठणठणीत होती. या तिघांना मॅचपेक्षा तिच्याकडची सुक्या कोलंबीची किसमूर जास्त आवडली.

आणि जेव्हा खरोखर जायला हवं होतं, तेव्हा जाता येणार नाही याची व्यवस्था करून ठेवा. 2020-21 चा अख्खा मोसम करोनामुळे गोव्यातच झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, याच तीन मैदानांवर. आमची मुंबई सिटी महिनोन् महिने दोन-तीन तासांच्या अंतरावर खेळत होती. त्याच मोसमात तिने साखळीत पहिली येऊन लीग शील्डही जिंकली, आणि 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यावर फायनलमध्ये मोहन बागानला 2-1 हरवून कपही जिंकला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. प्रेक्षकांना मात्र बंदी. आयुष्यातला सर्वांत सोयीचा परगावचा दौरा मी कुडाळात टीव्हीसमोर, हापूस अजून पिकायचा होता म्हणून पायरी खात काढला.

आंब्यावरून आठवलं. कोकणातून गोव्याला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, निदान तुम्ही जाऊ नका. एकदा मी मावशीसाठी अर्धी पेटी घेऊन निघालो. गाडीला उशीर झाला, मावशीकडे जायला वेळ उरला नाही, म्हणून पेटी घेऊन थेट मैदानाच्या दारात उभा. (कुठलं मैदान ते सांगत नाही. पेटी परत मिळायची आशा अजून सोडलेली नाही.) दारावरच्या शिपायाने आधी पाण्याची बाटली काढून घेतली, मग पॉवर बँक, मग खिशातली चिल्लर. शेवटी पेटीचं झाकण उघडून गवतातला एक आंबा उचलला, हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, ‘हे आत नेता येणार नाही. फेकता येतात.’

मी म्हटलं, दादा, एप्रिल महिना आहे. हापूस आहे. कोकणातला माणूस रेफ्रीला शिव्या देईल, देवाला गाऱ्हाणं घालील, पण हापूस फेकील?

त्याने पेटी टेबलाखाली सरकवली. मॅच संपल्यावर परत आलो तेव्हा तिथे टेबलही नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. परक्या मैदानात गेल्यावर कसं वागावं आणि विशेषतः केव्हा उठावं. यात माझा अनुभव दांडगा आहे.

24 एप्रिल 2024, बुधवार. इंडियन सुपर लीगची सेमीफायनल, पहिला लेग म्हणजे दोन मॅचपैकी पहिली, गोवा विरुद्ध मुंबई, फातोर्डा. जाताना मामेभावाची गाडी. तो पुढे सासुरवाडीला राहणार होता, म्हणून येताना मी रात्रीची पावणेदहाची गाडी धरायची असं ठरलं. आकाशी शर्टावर मी शाळा-कॉलेजात घालतात तसला राखाडी शर्ट चढवला होता, सगळी बटणं लावून. तिकीट मामेभावाने काढलेलं, त्यामुळे जागा नारिंगी शर्टांच्या ऐन मध्यात. अशा जागी एकच नियम. शेजारी उभे राहिले की उभं राहायचं, ते बसले की बसायचं. देवळातल्या आरतीसारखं, शब्द येत नसले तरी टाळ्या वाजवायच्या.

बोरिस सिंगने गोव्याचा पहिला गोल मारला, मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडन फर्नांडिसने दुसरा मारला, मी पुन्हा वाजवल्या, शेजारच्या काकांनी मला मिठीही मारली. 2-0. घड्याळात सव्वानऊ. मोबाईल सांगत होता गाडी वेळेवर. मी हिशेब केला: संघ हरलाच आहे, गाडी तरी कशाला हरायची? 88व्या मिनिटाला मी ‘एक्सक्यूज मी’ म्हणत पंधरा जणांच्या गुडघ्यांवरून बाहेर पडलो.

तुम्हीही असंच करा. व्यवहारी माणूस शेवटपर्यंत बसत नाही.

बाहेर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर एक पायलट, म्हणजे गोव्यातला मोटरसायकल-टॅक्सीवाला, उभा होता. ‘खंय वचपाचें?’ म्हटलं, स्टेशन. वाटेत त्याने विचारलं, ‘मॅच सोंपली? आमी जिखले?’ मी म्हटलं, हो, जिंकलात, अभिनंदन. स्टेशनला उतरल्यावर त्या भल्या माणसाने खुशीत दहा रुपये कमी घेतले. ते दहा रुपये मी त्याला अजून देणं लागतो.

फलाटावरच्या बाकावर एक पन्नाशीचे गृहस्थ आधीच बसले होते. नारिंगी शर्ट, गळ्यात नारिंगी स्कार्फ, मांडीवर कागदात गुंडाळलेला चोरीस पाव, म्हणजे गोव्याचं सॉसेज भरलेला पाव. गर्दी टाळायला तेही माझ्यासारखेच लवकर उठलेले, त्यांना थिवीला उतरायचं होतं. माझ्या राखाडी कॉलरीतून डोकावणारा आकाशी रंग त्यांनी बरोबर हेरला. ‘वायट दिसूंक नाका,’ ते म्हणाले, ‘मुंबईला दुसरी मॅच आहे ना अजून.’ आणि पाव मधोमध मोडून अर्धा मला दिला. मी मनात म्हटलं, जिंकलेल्याने कसं वागावं तर असं.

दोन घास झाले असतील. माझ्या मोबाईलवर डोंबिवलीच्या चुलतभावाचा मेसेज आला, ‘काय मॅच! मानला भावा.’ हा खवचटपणा समजून मी त्याला मालवणीत उत्तर पाठवलं. ते इथे छापता येणार नाही, त्यात त्याच्या वडिलांचा उल्लेख होता आणि त्याचे वडील म्हणजे माझे सख्खे काका. तेवढ्यात बाकावरच्या गृहस्थांचा फोन वाजला. ते ‘हां, हां’ करत हसत ऐकू लागले. मग नुसतं ‘हां’. मग काहीच नाही. फोन कानाला तसाच धरून त्यांनी हळूहळू मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या अर्ध्या पावाकडे.

नव्वदाव्या मिनिटाला छांगटे. लगेच विक्रम प्रताप. भरपाईच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. 2-3. आम्ही जिंकलो होतो.

उरलेला पाव परत करावा की खावा, याबद्दल कुठल्याही शिष्टाचारात काही सांगितलेलं नाही. मी खाल्ला. ते गृहस्थ उठून फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आणि मग आम्हा दोघांनाही घेऊन जाणारी ती वेळेवरची गाडी पावणेदोन तास उशिरा आली. त्या वेळात मी मैदानात परत जाऊन, जल्लोष करून, मावशीकडे जेवून आलो असतो. थोडक्यात, मी फातोर्ड्यावर प्रत्यक्ष पाहिलेले गोल दोन, टाळ्या वाजवलेले गोलही दोन, आणि दोन्ही त्यांचे.

पण यातूनही वाट निघते. उशीर झालेल्या गाडीत झोपू नका. तिन्ही गोलांचे व्हिडिओ दहा-दहा वेळा बघा आणि पाठ करा. सावंतवाडी येईपर्यंत तुम्ही ते प्रत्यक्ष पाहिलेले असतात. गावात सांगताना उभं राहून सांगा, तिसऱ्या गोलाला आवाज बसवा. कोणी म्हणेल, तू काढलेला व्हिडिओ दाखव. तयारीत राहा. सांगायचं, हाफटाइमलाच मोबाईलची बॅटरी गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच सांगितलं. खळ्यात आठ-दहा जण जमले होते. तिसऱ्या गोलाला दोघांनी टाळ्याही वाजवल्या. शेजारचे तात्या तेवढे काही बोलले नाहीत. तात्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. ते अडकित्त्यात सुपारी धरून बसले होते.

‘मॅच कितीक सुरू झाली?’

‘साडेसाताक.’

‘म्हणजे सुटाक साडेनव. त्या गर्दीतसून भायर पडाक अर्धो तास धर. गाडी तर पावणेधाची. मगे गावली कशी?’

‘गाडी पावणेदोन तास लेट होती, तात्यानू.’

‘तां माका म्हायत आसा. पण ती लेट येतली, ह्यां तुका मैदानात बसान कसां कळलां?’

‘मोबाईलार बघलंय.’

तात्यांनी सुपारी कातरली.

‘मोबाईल तर तुझो हाफटायमाकच बंद पडललो, मां?’