‘डिस्मल सायन्स’ हे नाव माल्थसमुळे पडलेले नाही

फिरत असलेला मजकूर थोडक्यात असा: ‘लोकसंख्या भूमिती श्रेणीने (1, 2, 4, 8) वाढते आणि अन्न गणिती श्रेणीने (1, 2, 3, 4), असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसने सांगितले. ते निराशाजनक भाकीत वाचून स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलने अर्थशास्त्राला डिस्मल सायन्स, म्हणजे उदास शास्त्र, म्हटले. गरिबांचा कळवळा असलेल्या लेखकाने कोरड्या हिशेबनिसांना दिलेली ही चपराक होती.’ यात माल्थस काय म्हणाला, तेवढे बरोबर सांगितले आहे.

आधी तारखा पाहू. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध 1798चा आणि त्याचा मृत्यू 1834चा. ‘डिस्मल सायन्स’ हा शब्दप्रयोग आला डिसेंबर 1849मध्ये, लंडनच्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये निनावी छापलेल्या कार्लाइलच्या लेखात. लेखाचा विषय लोकसंख्यावाढ नव्हताच. वेस्ट इंडीजमधल्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामांचे काय करायचे, हा होता.

ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा 1833चा. त्यानंतरही सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्या मालकाकडेच काम करण्याचे बंधन, चालू राहिली, ती 1838मध्ये संपली. मग मजूर मळे सोडून स्वतःची जमीन कसू लागले आणि ऊसमळ्यांना माणसे मिळेनात. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरू द्या, माणसांना त्यांच्या मर्जीवर सोडा, ही अर्थशास्त्रज्ञांची भूमिका. कार्लाइलला नेमकी हीच खुपत होती. त्याच्या मते कृष्णवर्णीयांना कामाला जुंपायलाच हवे होते, गरज पडली तर चाबकाने. जगाचे गूढ मागणी-पुरवठ्यात शोधणारे आणि राज्यकर्त्याचे कर्तव्य ‘माणसांना मोकळे सोडणे’ एवढ्यावर आणणारे शास्त्र त्याला उदास वाटले. त्याच लेखात त्याने या शास्त्राची आणि गुलामगिरीविरोधी परोपकारी मंडळींची जोडी लावून तिची टर उडवली आहे.

म्हणजे ‘गरिबांचा कळवळा’ हा भागही इथे टिकत नाही. इंग्लंडमधल्या कामगारांच्या हालांवर कार्लाइलने पोटतिडकीने लिहिले होते, हे खरे. पण या लेखात तो कळवळा औषधालाही सापडत नाही. तत्त्वज्ञ-अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने जानेवारी 1850मध्ये त्याच मासिकात खरमरीत उत्तर दिले. 1853मध्ये कार्लाइलने लेख पुस्तिका म्हणून पुन्हा काढला, तोही शीर्षकात आणखी अपमानकारक शब्द घालून.

मग माल्थस आला कुठून? चार्टिस्ट चळवळीवर, म्हणजे ब्रिटिश कामगारांच्या मताधिकाराच्या चळवळीवर, 1839च्या अखेरीस निघालेल्या पुस्तकात कार्लाइलने माल्थसवाद्यांच्या लोकसंख्याविषयक वादांना ‘डिस्मल’ हे विशेषण खरोखरच लावले होते. पण तिथे पूर्ण शास्त्राचे नामकरण नाही. दहा वर्षांच्या अंतराने आलेली दोन वाक्ये एकमेकांत मिसळली. शिवाय माल्थसची गोष्ट वर्गात सांगायला सोयीची, चाबकाची अडचणीची.

मंदीच्या बातमीत आज हा शब्द ‘निराशाजनक भाकिते करणारे शास्त्र’ या अर्थाने येतो, त्याला हरकत नाही. वापराने अर्थ बदलतात. चूक होते ती आजचा अर्थ 1849वर लादण्यात.

दोन्ही बाजू पुढे पुन्हा भिडल्या. 1865मध्ये जमैकात गव्हर्नर एअरने उठाव चिरडला, त्यात चारशेहून अधिक माणसे मारली गेली. एअरवर खटला चालावा म्हणून झटणाऱ्या समितीचे नेतृत्व मिलकडे होते, तर कार्लाइल एअरच्या बचाव समितीत.