नरकासुराचा कंपू आणि रोबोची टीम

गोव्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आणि रोबॉटिक्सची 'केअर्स' ही सरकारी योजना आली, त्यापासून घराघरात एकच वाद ऐकू येतो. एक म्हणतो, वर्गातल्या तासाला सगळ्यांना थोडंथोडं शिकवा, स्पर्धा हे पैसेवाल्या शाळांचं चोचलं. दुसरा म्हणतो, स्पर्धेशिवाय पोरं हात घालणार नाहीत. तिसरा हळूच विचारतो, मराठी-कोकणीतून शिकलेल्या मुलांना हे झेपेल का? जर्मनीत बसून हे ऐकताना वाटतं की भांडण किटवर, म्हणजे रोबो बांधायच्या सुट्या भागांच्या संचावर, आणि भाषेवर चाललंय. टीम कशी चालते, इकडे कुणाचं लक्ष नाही.

इथे लहान मुलांची मोठी स्पर्धा म्हणजे फर्स्ट लेगो लीग, लेगोच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या रोबोंची. ती अमेरिकेत 1998 मध्ये सुरू झाली. 'चॅलेंज' गटात 9 ते 16 वर्षांची मुलं असतात, टीम 2 ते 10 जणांची. टेबलावर अडीच मिनिटांत रोबोने स्वतःहून जमेल तितकी कामं उरकायची. फेऱ्या तीन, त्यांतली सर्वांत चांगली धरतात. पण हा खेळ म्हणजे चारांतला एकच भाग. रोबोची रचना मुलांनी परीक्षकांना समजावून सांगायची असते, एका खऱ्या प्रश्नावर केलेला अभ्यास मांडायचा असतो, आणि टीम म्हणून एकमेकांशी कशी वागता हेही पाहिलं जातं. वर्गातल्या तासाला यातलं नेमकं काय सुटतं? बिघाड शोधणं. तासाला रोबो चालला की टाळ्या पडतात. स्पर्धेत तो दहापैकी नऊ वेळा चालावा लागतो, आणि अभियांत्रिकी त्या दहाव्या वेळेत असते.

उदाहरण घ्या. 56 मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात साधारण 176 मिलिमीटर जातं. 50 सेंटिमीटर जायचं तर मोटर 1023 अंश फिरवायची. दोन चाकांमधलं अंतर 112 मिलिमीटर असेल, तर जागच्या जागी 90 अंश वळायला प्रत्येक चाक 180 अंश फिरतं, एक पुढे, एक मागे. सहावीच्या मुलाला परिघाचं सूत्र वेगळं शिकवावं लागत नाही, कारण ते चुकलं की रोबो भिंतीवर आपटतो. मग खरी गंमत सुरू होते. आकडे बरोबर असतात, तरी रोबो ठरल्या जागी पोचत नाही. सुरुवातीला एक अंश तिरका ठेवला असेल, तर एक मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर बाजूला जातो. चाकावर धूळ बसलेली असते. बॅटरी उतरल्यावर वेग बदलतो, आणि सकाळी नीट चालणारा प्रोग्राम दुपारी चुकतो. उपाय नेहमीचा, पण तो मुलांनाच सापडायला हवा: मध्येच रोबोची पाठ हळूच भिंतीला टेकवून सरळ करून घ्यायची आणि तिथून पुढचं अंतर नव्याने मोजायचं. चूक साठू द्यायची नाही.

रेषेवरून चालणाऱ्या रोबोची खोडी वेगळी. खाली बघणाऱ्या प्रकाश-सेन्सरला पांढऱ्यावर 90 आणि काळ्यावर 10 आकडा आला, की मधला 50 धरून रेषेची कड पकडायची. शाळेत हे नीट चालतं. स्पर्धेच्या सभागृहात खिडकीतून ऊन आलं की तेच आकडे हलतात. म्हणून सेन्सर खाली, दीड सेंटिमीटरच्या आसपास बसवायचा, त्याभोवती आडोसा करायचा आणि प्रत्येक फेरीआधी पांढरं-काळं पुन्हा मोजायचं. हे करण्याची जबाबदारी एकाच मुलीची असावी. 'सगळ्यांनी बघायचं' म्हणजे कोणीच बघत नाही.

किट महाग आहे, हे खरंच. अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा) मिळालेल्या शाळा सोडल्या तर बहुतेकांना ते परवडणार नाही. पण सराव स्वस्तात होतो. आर्डुइनो बोर्ड (रोबोचा छोटा संगणक), पिवळ्या गिअरमोटरी, रीचार्ज होणारे दोन 18650 सेल. इथे एक इशारा: बोर्डाच्या हुकमाने मोटरीला वीज देणारा, सगळीकडे मिळणारा एल298एन ड्रायव्हर स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो, म्हणून 7.4 व्होल्ट दिले तरी मोटरीला साडेपाचच मिळतात आणि पोरं मोटरीला शिव्या घालतात. त्याऐवजी टीबी6612 ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हरचा आणि बोर्डाचा ग्राउंड (ऋण तार) जोडायला विसरलात तर रोबो भूत लागल्यासारखा वागेल. सर्व्हो (ठरलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) बोर्डाच्या पाच व्होल्टवर चालवलात तर तो जोर लावताना बोर्ड रीसेट होतो, त्याला वेगळा पुरवठा द्या. आणि दोन पिवळ्या मोटरी कधीच सारख्या फिरत नाहीत. 65 मिलिमीटरच्या चाकाला 20 खाचांची चकती लावली, की एक खाच म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर. दोन्ही चाकांच्या खाचा मोजा आणि वेग जुळवा. अंदाजाने काही होत नाही.

भाषेचं म्हणाल तर जर्मनीत मुलं परीक्षकांशी जर्मनमध्येच बोलतात. लाइपझिगची एक संस्था जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये ही स्पर्धा भरवत आली आहे, आणि इंग्रजी न येणं तिथे कमतरता मानत नाहीत. 'हा गिअर इथे का?' याचं उत्तर मुलाने स्वतःच्या भाषेत दिलं की त्याला ते किती कळलंय हे लगेच दिसतं. पेडणे-सत्तरीच्या मराठी शाळेतल्या मुलीला हेच उत्तर इंग्रजीत पाठ करायला लावलं, तर परीक्षकाला तिचं पाठांतर तपासायला मिळेल. गोव्यातल्या आंतरशालेय स्पर्धेत परीक्षणाला मराठी आणि कोकणी खुली ठेवायला किटपेक्षा कितीतरी कमी पैसे लागतील.

जर्मनीचं सगळं गोड आहे असं नाही. इथेही बाबांनी रात्री बसून बांधलेले रोबो येतात. परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की ते उघडे पडतात, मूल गप्प बसतं. त्या मुलाचा त्यात दोष नसतो. म्हणून मोठ्यांसाठी साधा नियम: सुट्या भागाला हात लावायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, 'मागच्या वेळी काय बदललं होतं?' एवढंच विचारायचं. प्रत्येक बदलाची तारीख टाकून वहीत नोंद. एका वेळी एकच बदल.

हे गोव्यात जमणार नाही, असं म्हणणाऱ्याने दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावर फेरी मारावी. नरकासुराचा पुतळा बांधणाऱ्या पोरांचा कंपू म्हणजे काय असतो? कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी सांगाडा बांधतो, कोणी कागद-रंग बघतो, कोणी दिवे. मुदत पक्की, कारण पहाटे तो जाळायचाच असतो. बारकी पोरं मोठ्यांकडून बघून शिकतात, आणि स्पर्धेचा परीक्षक येण्याआधी गर्दीच परीक्षा घेते. आपण फक्त ही पद्धत शाळेत आणायची. टीमला आठ-दहा आठवडे, आठवड्याला दोनदा दीड तास, गटात एक सातवीतला आणि एक आठवीतला, पुढच्या वर्षी त्यांनीच नव्यांना शिकवायचं.

टेबल कुठून आणायचं? बाजारातला आठ बाय चार फुटांचा प्लाय पुरतो. कडेने आतल्या बाजूला 38 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकल्या, की आत साधारण 2364 बाय 1144 मिलिमीटर जागा राहते; स्पर्धेच्या टेबलाची आतली जागाही जवळपास तेवढीच, 2362 बाय 1143, असते. सुताराला दोनच गोष्टी बजावा: कडा सरळ हव्यात, कारण रोबो त्यांनाच टेकून सरळ होतो, आणि प्लाय पाण्याला टिकणारा हवा. पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो आणि मधोमध उंचवटा येतो. मग चार महिने मुलं स्वतःचा प्रोग्राम तपासत बसतात, आणि चूक टेबलात असते.